कापसांतील अग्नि

विद्यार्थी रसायनशास्त्र शिकतात तेव्हां पदार्थाचें सूत्र पाठ करतात, उपयोगही पाठ करतात. परंतु त्याचा स्वभाव जाणून घेत नाहींत. ही उणीव घातक आहे असें आमचें मत आहे. दाखल्यासाठीं नायट्रोसेल्युलोज घेऊं.

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्यावर अम्लांची क्रिया होऊन हा पदार्थ बनतो. दिसावयास तो कापसासारखाच. पण ठिणगी लागतांच क्षणांत भस्म होतो. बाझल येथील शोनबाइन ह्यांनीं १८४६ सालीं तो जगापुढें आणला. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत फॅव्हर्शॅम येथील कारखान्यांत स्फोट होऊन अनेक कामगार प्राणांस मुकले. तंतूंत लपून राहिलेलें अम्ल हें घाताचें मोठें कारण, असें पुढें फ्रेडरिक एबल ह्यांनीं दाखवून दिलें.

ह्यांतच कापूर मिसळून सेल्युलॉइड झालें. त्याच्या फण्या, बाहुल्या, चेंडू व चित्रपटांच्या फिती बनल्या. रूप पालटलें, स्वभाव पालटला नाहीं. इतर आग बाहेरच्या हवेवर जगते; ह्या पदार्थाच्या रेणूंतच प्राणवायु असतो. म्हणून पेटलेलें रीळ पाण्यांत बुडविलें तरी जळत राहतें. शिवाय उष्ण व कोंदट जागीं तो आपोआप विघटित होतो, आणि त्यांतून निघणारे वायु कोंडले तर तें विघटन अधिकच वाढतें. ता. १५ मे १९२९ रोजीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथील रुग्णालयांत क्ष-किरणांच्या अशाच फिल्म्स जळून १२३ माणसें मेलीं. बहुतेकांचा जीव विषारी वायूंनीं घेतला. आपल्या पुण्यासही जानेवारी २००३ मध्यें फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांतील कोठारास आग लागून जुन्या चित्रपटांचा अमोल ठेवा नाहींसा झाला.

तर मग असे पदार्थ नकोतच काय? आम्हांस तें मान्य नाहीं. नखांच्या रंगांत व लाकडावरील लॅकरांत हाच पदार्थ आजही निमूटपणें सेवा करीत आहे. परमेश्वरानें सृष्टि मनुष्याच्या हातीं दिली ती कारभारी म्हणून. आणि जो कारभारी आपल्या हातींच्या वस्तूचा स्वभाव जाणत नाहीं, तो विश्वासू कसा म्हणावा? जी आग विझवितां येत नाहीं, तिची काळजी ती लागण्यापूर्वींच घ्यावी लागते.

म्हणून शिक्षकांनीं सूत्राबरोबर धोकाही शिकवावा. पालकांनीं नखरंगाची बाटली चुलीपासून दूर ठेवावी, व ती कां दूर ठेविली हें मुलांस समजावून सांगावें. नुसत्या मनाईनें मूल भितें. कारण कळलें म्हणजे तें शहाणें होतें.