पोटखराब

सात-बाऱ्यावर एक शब्द आहे, पोटखराब. जमिनीतला जो तुकडा पिकाखाली येत नाही तो या रकान्यात पडतो. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर जी बरड पसरलेली असते, तिच्या वाट्याला हा शब्द येतो, नाहीतर त्याचे सख्खे भाऊ : पडीक, नापीक, ओसाड. माण, पारनेर, पुरंदर या तालुक्यांतले उतार मी पायी तुडवले आहेत, आणि हे शब्द मला शिवीसारखे लागतात. ज्याला लुबाडलं त्यालाच नालायक ठरवायचं, ही आपल्या समाजाची जुनी रीत. माणसांच्या बाबतीत ती थोडीफार ओळखायला आपण शिकलो. मातीच्या बाबतीत अजून नाही.

ही माती पुष्कळ ठिकाणी वीतभरही खोल नसते. खाली मुरूम, त्याखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. कुदळीचे दोन घाव घातले की तिसरा खणखणतो. मातीत निम्मे गोटे. पण हे गोटेच सरीचा मार अंगावर घेतात. शेत काढायचं म्हणून ते वेचून बांधाला लावले की पहिल्याच वळवात उतार सुटतो. पाणी तरी किती मावणार? वीतभर चांगल्या मातीत झाडाच्या उपयोगी पडेल असं पाणी पंचवीस मिलीमीटरच्या आसपास, गोट्यांची असेल तर त्याहून कमी. वर्षाचा पाऊस पाचशे मिलीमीटर, तोही मोजक्या सडाक्यांत. एका सडाक्यात ही माती तुडुंब होते आणि आठवडाभराच्या उघडिपीत कोरडी पडते. इथे मोठी झाडं दाटीनं धरत नाहीत. गवत धरतं. कुसळी, पवन्या, मारवेल. वर दिसतं त्यापेक्षा मोठा पसारा खाली मुळांचा असतो. तीच मुळं मरतात, कुजतात, माती भुसभुशीत करतात आणि पाण्याला मुरमाच्या भेगांपर्यंत वाट देतात. खालच्या विहिरीत माघात जे पाणी दिसतं, त्यातलं बरंचसं या वाटेनं आलेलं असतं.

मग हिला खराब कोणी ठरवलं? गोल्डस्मिड आणि विनगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पाहणीत जमिनीची प्रत तिच्या खोलीवरून लागली. खोली हातांनी मोजायची आणि सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत मोल बांधायचं. १८४७ सालच्या अहवालात ही रीत पक्की झाली. सरकारला सारा हवा होता, त्यांचा हिशेब तेवढाच होता. त्यांची मोजपट्टी आपण मात्र मनात रुजवून घेतली. धान्य देईल तीच जमीन, बाकीची कोणीही ओरबाडावी.

जोतीराव फुल्यांना हे दिसलं होतं. १८८३ साली लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते उतारावरून वाहून जाणाऱ्या सत्त्वाबद्दल कळवळून बोलतात, पाणी शिवारात मुरावं म्हणून सैन्य आणि पोलिसांकडून ताली-बंधारे घालून घ्या असं सरकारला सांगतात, आणि गायरानं जंगलखात्यानं घशात घातल्यावर गरिबाच्या शेरडांनी जायचं कुठं, हेही विचारतात. माती आणि माणूस त्यांच्या लेखी वेगळे नव्हते. आपण फुल्यांच्या जयंत्या केल्या आणि उतार मुरमासाठी पोखरले. नवं गवत जोमानं येतं म्हणून वणवे लावले. वृक्षलागवडीचा आकडा गाठायला गवताच्या माळावर खड्डे पाडले. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्यानं ५० कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. चर खणायला आलेल्या यंत्रानं वर्षानुवर्षं रुजलेलं गवताचं मूळ एका फटक्यात उलथलेलं मी पाहिलं आहे. शेजारी फलक होता : हरित डोंगर.

आणि दोष कोणाला? मेंढपाळाला. अतिचराईनं उतार उघडा पडतो हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण गायरानं आक्रसत आक्रसत मूठभर राहिली, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर कळप दाटले. दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणात उतरणारा धनगर माळाला विसावा देत होता, शेतात मेंढरं बसवून खत देत होता. हिवरे बाजारनं चराईबंदी केली, गवत विळ्यानं कापून न्यायचा नियम पाळला, आणि डोंगर सावरला; त्या गावाचा मला आदर आहे. तरी कुठेही चराईबंदीचा ठराव होतो तेव्हा माझा प्रश्न एकच असतो. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही आणि दोन शेळ्या आहेत, तो त्या सभेत बोलला का? उतार राखायचा त्यानं, आणि मुरलेलं पाणी वर येणार काळ्या रानातल्या विहिरीला. ते रान कोणाचं, हे प्रत्येक गावाला माहीत असतं.

विलासराव साळुंखे यांनी हा हिशेब मांडायचं धाडस केलं. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावच्या उजाड उतारावर त्यांनी पाणी अडवलं आणि पाणी पंचायतीचा नियम घातला : पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. भूमिहीनालाही हक्क. उसाला पाणी नाही. पन्नास वर्षं झाली. किती गावांनी हा नियम उचलला ते खाली उभा असलेला ऊस सांगतो.

हेक्टरवरून एक मिलीमीटर माती गेली तर ती बारा-तेरा टन भरते. डोळ्यांना ती दिसतसुद्धा नाही. ती ओढ्यानं जाते, तलावात बसते. २०१७ पासून तलावातला गाळ काढून शिवारात पसरण्याची सरकारी योजना आहे. उन्हाळ्यात तलावाच्या काठी उभे राहा. गाळानं भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक निघतात आणि काळ्या रानाकडे वळतात. डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर एकही चाकोरी उमटत नाही. वर नेऊन ती माती टिकणार नाही, हे मलाही कळतं. पण ज्या उताराची ती होती, त्याच्या राखणदाराला त्या ट्रॉलीमागे चार पैसे, गवताच्या कापणीत पहिला हक्क आणि विहिरीच्या पाण्यात वाटा द्यावा, असा ठराव अजून मी कुठल्याही ग्रामसभेत ऐकलेला नाही.