आधी आपल्या आळीत

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांना चळवळ नवी नाही. 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाडच्या सिद्धगड परिसरात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी इंग्रजी अंमलाच्या गोळ्या झेलल्या. दोनच वर्षांनी, जानेवारी 1945 मध्ये, शेजारच्या टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली आणि डहाणू-उंबरगावकडून आलेल्या वारली शेतमजुरांनी वेठबिगारीचे गाऱ्हाणे तेथे मांडले. या वारशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एक साधी गोष्ट मात्र पाहावी. गाव आणि कातकरीवाडी यांच्यातली पाऊलवाट फार तर अर्ध्या मैलाची असते, आणि आजही ती बहुतांशी एकाच बाजूने वाहती आहे. वाडीवरचा माणूस कामासाठी गावात येतो. गावातला माणूस वाडीवर जातो तो मजूर बोलावण्यापुरता, नाहीतर मते मागण्यापुरता.

साठी उलटलेल्या कातकऱ्याला गावातले शाळकरी पोर "अरे" म्हणून हाक मारते आणि म्हातारा त्याला "शेठ" म्हणून उत्तर देतो. यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. ओट्याची खालची पायरी त्याची, चहाचा निराळा कप त्याचा. उंदीर खाणारे, दारू पिणारे, आज मिळाले ते आजच उडवणारे लोक, असे म्हणून विषय संपतो. काळ्यागोऱ्यांच्या भेदाच्या बातम्या वाचून हळहळणाऱ्या सुशिक्षित घरांतही ही वाक्ये सहज उच्चारली जातात. जन्मावरून माणसाच्या स्वभावाचा, बुद्धीचा आणि लायकीचा निवाडा करणे म्हणजेच वंशद्वेष. त्यासाठी कातडीचा रंग वेगळा असावा लागत नाही.

या तुच्छतेला अर्थातच पोटाचे कारण आहे. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून ज्या जमातीला नाव मिळाले, तिच्या हातून तो धंदा जंगल कायद्यांच्या अंमलात निसटला. राज्यातल्या ज्या तीन जमातींची गणना सरकार विशेष दुर्बल आदिवासी गटांत करते, त्यांत कोलाम आणि माडिया यांच्या जोडीला कातकरी आहेत. पावसाळ्यात हाताला काम नाही, घरात दाणा नाही, अशा वेळी वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम वाडीवर येऊन उचल देतो. दिवाळीनंतर सबंध कुटुंब पोराबाळांसकट भट्टीवर जाते. आठवड्याला खर्ची मिळते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तो मालकाच्या वहीत आणि मालकाच्या अक्षरात. आणि पुष्कळदा ती वही असेच सांगते की पैसे अजून अंगावर आहेत, पुढच्या साली पुन्हा या. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने नष्ट झाली आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे ही घटनेने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरीच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दिला. वहीला या दोन्हींचा पत्ता नाही.

आता प्रश्न असा की हा मालक कोण? तो परग्रहावरून आलेला भांडवलदार नसतो. तो कार्यकर्त्याचा चुलता असतो, मेहुणा असतो, शाळासोबती असतो. मोर्चासाठी टेंपो तोच देतो, सभेच्या मांडवाची वर्गणीही त्याच्याकडून येते. वाडीवर जाऊन शोषणावर तासभर बोलणारा कार्यकर्ता संध्याकाळी याच मालकाच्या पडवीत जेवायला बसतो आणि तेथे तो विषय निघत नाही. वाडीवरच्या लोकांना हे ठाऊक असते. ते बोलून दाखवीत नाहीत, एवढेच.

सवर्ण कार्यकर्त्याच्या आदिवासीप्रेमाला मर्यादा पडते ती येथे. वह्या वाटणे, ब्लँकेटे वाटणे, आरोग्य शिबिर भरवणे ही कामे वाईट मुळीच नाहीत; पण त्यांत देणारा वर आणि घेणारा खाली ही जुनी मांडणी तशीच राहते. चळवळही या दोषातून सुटलेली नाही. गोदावरी परुळेकरांनी वारल्यांमध्ये राहून जे काम केले त्याला तोड नाही, तरीही वारल्यांनी त्यांना नाव दिले "गोदाराणी". शतकानुशतके वाकलेल्या माणसाला आपल्या बाजूने उभा राहिलेला उच्चवर्णीय राजघराण्यातलाच वाटावा, यात दोष कोणाचा म्हणायचा?

1970 साली डाव्या आणि समाजवादी पक्षांनी देशभर भूमिमुक्तीचे आंदोलन केले. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघर भागात काळूराम धोदडे आणि त्यांचे आदिवासी सोबती या अनुभवातून गेले आणि वेगळ्या निष्कर्षाला आले. नेते येतात, अटक करवून घेतात, निघून जातात आणि जमीन सावकाराकडेच राहते. त्यांनी भूमिसेना उभी केली आणि निर्णय आदिवासींनी घ्यायचे असे ठरवले. पक्षांच्या कचेऱ्यांत याकडे कृतघ्नता म्हणून पाहणारे अनेक निघाले असतील. वास्तविक ती या पक्षांना मिळालेली सर्वांत उपयुक्त टीका होती.

असाच पेच अमेरिकेतही पडला होता. 1964 च्या उन्हाळ्यात उत्तरेकडचे शेकडो गोरे विद्यार्थी काळ्यांच्या मतहक्कासाठी मिसिसिपीत गेले. त्यांचे धैर्य खोटे नव्हते. जूनमध्ये तिघा कार्यकर्त्यांचा खून झाला, त्यांत दोन गोरे होते. आणि ते होते म्हणूनच देशाने त्या खुनांची दखल घेतली, हेही काळ्या कार्यकर्त्यांनी पाहिले. 1966 साली स्टोकली कार्मायकल यांच्या संघटनेने गोऱ्या सहकाऱ्यांना बजावले की, वंशद्वेष गोऱ्यांच्या वस्तीत आहे, तेव्हा तुमचे काम तेथे आहे. अनेकांना ते लागले. काळ्यांच्या वस्तीत गोऱ्याचे स्वागत होत होते. गोऱ्यांच्या वस्तीत, स्वतःच्या बापाच्या टेबलाशी, त्याला शिव्या खाव्या लागणार होत्या.

महाराष्ट्रातल्या समाजवाद्यांना हे परक्यांकडून शिकण्याची वास्तविक गरज नव्हती. साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केले ते अस्पृश्यांना उपदेश करण्यासाठी केलेले नव्हते. त्याआधी गावोगाव हिंडून ते सवर्णांपुढेच पदर पसरीत होते. 1972 मध्ये बाबा आढावांनी "एक गाव एक पाणवठा" ही मोहीम काढली तेव्हा सवाल दलितवस्तीला नव्हता, विहिरीचा मालक म्हणवणाऱ्या गावाला होता. ही परंपरा मागे पडली आणि वस्तीत जाऊन सेवा करण्याची सोपी रीत रूढ झाली.

मैत्रीचे काय? ती ठराव करून होत नाही. पण तिच्या आड काय येते हे सांगता येते. वाडीतल्या लग्नाला कार्यकर्ता आवर्जून जातो, त्याचे छायाचित्रही निघते. त्याच्या घरच्या लग्नात मात्र वाडीतले लोक शेवटच्या पंगतीला, मांडवाबाहेर बसतात. बैठकीत कातकरी आपल्या बोलीत बोलू लागला की कोणीतरी त्याचे म्हणणे "म्हणजे यांना असे म्हणायचे आहे" असे सांगून शुद्ध मराठीत मांडतो आणि इतिवृत्तात तेच जाते. वाडीने कार्यकर्त्याचा प्रस्ताव फेटाळला तर "अजून जागृती कमी आहे" असा शेरा पडतो. विरोध ऐकून घेता येत नसेल तर ते नाते मैत्रीचे नव्हे, पालकत्वाचे आहे. आणि हा प्रश्न केवळ ब्राह्मण-मराठ्यांपुरता नाही. शेतमालक कुणबी-आगरी कुटुंबांत तो आहे आणि कातकऱ्याला आपल्याहून हलका मानणाऱ्या ठाकूर, महादेव कोळी वस्त्यांतही आहे, हे दडवून चालणार नाही.

अनेक कातकरीवाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही पायाखालची जमीन त्यांच्या नावावर नाही, आणि शहापुरातून समृद्धी महामार्ग गेल्यावर त्या सातबाऱ्यांची किंमत कोणाला सांगायला नको. तो सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे गावातल्या कार्यकर्त्याला तलाठ्याकडे न जाता सांगता येते. कित्येकदा ते नाव त्याच्याच भावकीतले असते. वाडीचे गावठाण मंजूर व्हावे म्हणून तहसील कचेरीवर मोर्चा जरूर न्यावा. पण त्याआधी त्या भावकीच्या बैठकीत हा विषय काढावा लागेल आणि तो काढण्याचे काम वाडीवरचा कोणी करू शकत नाही. भट्टीच्या उचलीचेही तसेच. गौरी-गणपतीच्या सुमारास, उचलीचे वाटप ऐन रंगात असताना, कार्यकर्त्याने मालकाच्या ओट्यावर बसून सांगावे की यंदा हिशेबाची दुसरी वही वाडीवर राहील, ती वाडीतलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी लिहील आणि खर्चीची नोंद दर आठवड्याला दोन्ही वह्यांत होईल. त्या ओट्यावर पुढच्या वेळी चहा मिळेलच असे नाही, आणि टेंपोचीही दुसरी सोय पाहावी लागेल.