एकट्याने राखलेली जोडी

राम-लक्ष्मण या संगीतकार जोडीच्या उत्तरकाळातील यशावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. ‘राम’ म्हणजे सुरेंद्र यांचे 1976 मध्येच निधन झाल्याने पुढे ते नाव नुसती पाटी होऊन राहिले, हा पहिला. आणि ‘मैंने प्यार किया’चे (1989) संगीत परक्या चालींवर तरले, हा दुसरा.

पाटीनेच यश मिळत असते, तर 1971 मध्ये जयकिशन गेल्यावरही दोघांचे नाव न सोडणाऱ्या शंकर यांना पूर्वीचे दिवस पुन्हा दिसले असते. नागपूरचे विजय पाटील, म्हणजे ‘लक्ष्मण’, यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. जोडीदाराविना तब्बल तेरा वर्षे काम केल्यावर त्यांच्या वाट्याला सर्वांत मोठे यश आले.

दुसऱ्या आक्षेपातील तपशील मात्र खरा आहे. ‘आते जाते हँसते गाते’च्या मुखड्यावर, म्हणजे फिरून फिरून येणाऱ्या आरंभीच्या ओळींवर, स्टीव्ही वंडर यांच्या 1984 च्या गाण्याची आणि ‘मेरे रंग में’च्या आरंभीच्या वाद्यखंडावर ‘युरोप’ या स्वीडिश बँडच्या 1986 च्या गाण्याची छाप उघड आहे, आणि ती झाकण्याचा खटाटोप कोणी करू नये. चूक होते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात, कारण उसनवारी तर त्या काळात अनेकांनी केली आणि त्यांतील बहुतेकांची गाणी विस्मरणात गेली.

पाटील यांचे खरे भांडवल दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’पासूनच्या (1975) मराठी चित्रपटांत जमले होते. पहिल्याच ऐकण्यात तोंडी बसणारी आखूड ओळ, टाळीला सोयीचा ठेका आणि दोघांनी एकमेकांना डिवचत गायचे संवादगीत ही त्या गाण्यांची घडण होती. विद्वान समीक्षक तिला बाळबोध म्हणत आले, आणि बाळबोध चाल बांधणे किती कठीण असते हे बहुधा त्यांना ठाऊक नसते. ‘हम आपके हैं कौन’मधील (1994) ‘जूते दो पैसे लो’ हे गाणे याच घडणीचे आहे. नवरदेवाचे जोडे पळवून करवल्यांनी त्यांवर घासाघीस करावी, हा लग्नघरचा खेळ त्यात दोन पक्षांच्या सवाल-जवाबासारखा बांधलेला आहे. मराठी-हिंदी मिसळलेल्या कामगार-वसाहतींना असे गाणे समजावून सांगावे लागत नव्हते.

उरतो लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या आवाजांचा मुद्दा. ते आवाज इतर संगीतकारांनाही उपलब्ध होतेच. ‘हम आपके हैं कौन’ या एकाच चित्रपटात चौदा गाणी घालण्याचा बेत दिग्दर्शक सूरज बडजात्या यांचा असला, तरी त्या गाण्यांना एकमेकांपासून वेगळे राखण्याचे काम पन्नाशी ओलांडलेल्या पाटील यांचे होते, आणि त्या चौदांत परक्या दोन चालींचा आधार शोधत बसण्याची त्यांना गरज उरलेली नव्हती.