धूर मोजता, माती कोण मोजणार?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा आलं. डिझेलमधला गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आणला. बरं झालं. धूर आमच्याच छातीत जातो, काच लावून बसणाऱ्याच्या नाही. हवा तापवणाऱ्या वायूचा मोठा वाटा गाडी धावतानाच निघतो, हेही खरं.

पण च्यायला, यांचा हिशोब सायलेन्सरच्या तोंडाशी सुरू होतो नि तिथंच संपतो! इंजिन काय आभाळातनं पडतं? ब्लॉक बिडाचा. बीड लोखंडाचं. लोखंड कुणाच्या तरी गावाखालचं.

दोडामार्गात या. कळणे बघा. डोंगर सोलून लोहखनिज काढलं. गाडगीळ समितीनं २०११ लाच सिंधुदुर्गातल्या खाणींबद्दल बजावलं होतं. ऐकतो कोण? जुलै २०२१ च्या पावसात खाणीचा बांध फुटला. चिखलाचा लोंढा गावात, भातात, बागायतीत. इथलं खनिज कुठल्या भट्टीत, कुठल्या इंजिनात गेलं, याची पावती गावाला कुणी देत नाही. इंजिन स्वच्छ, गाव चिखलात!

आता दुसरं टोक. इंजिन मेलं की भंगारात. तिथं छिन्नी-हातोडा घेऊन कोण बसलंय? आमची पोरं, नि मोहल्ल्यातली. हातमोजे नाहीत. जळकं ऑइल जमिनीत, जमिनीतनं विहिरीत. त्यात जड धातू, कॅन्सर करणारी रसायनं. बापजाद्यांनी गावची मेलेली ढोरं ओढली. ती ओढायची नाहीत म्हणून भांडलो. आता मेलेल्या गाड्या ओढतोय.

कायदे झालेत. वापरलेल्या तेलाची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून, मोडीत निघालेल्या गाड्यांची १ एप्रिल २०२५ पासून उत्पादकांवर. पण गाडी मोडल्याचं प्रमाणपत्र निघतं नोंदणीकृत केंद्राच्या नावानं. उघड्यावर घाव घालणाऱ्याच्या नावानं काय? ठेंगा!

आणि खाण खरंच कमी करायची तर इंजिन जगवा. ब्लॉक बोअर करा, पिस्टन-रिंगा बदला, क्रँक ग्राइंड करा. नवं ओतीव लागत नाही, भट्टीचा कोळसा वाचतो. धूर ओकणारं खटारं पोसा असं म्हणत नाही. नोझल-पंप नीट करून धुराच्या तपासणीत टिकलेलं जगवा. हे लेथवाल्या मेस्त्रीला कळतं. कंपनीलाही कळतं, म्हणून तर सुटे भाग बंद करून नवी गाडी गळ्यात मारतात.

तेव्हा मागणी सरळ आहे. गाडी विकली की पुढची पंधरा वर्षं सुटे भाग द्या. गॅरेजातलं जळकं ऑइल पिंपात भरून कंपनीनं स्वतःच्या खर्चानं न्यावं, लिटरमागे पैसे मोजून. भंगारातल्या कामगारांच्या सोसायट्यांना केंद्राची नोंदणी द्या, हातमोजे नि दवाखान्यासकट. आणि गाडीच्या कागदावर धुराच्या आकड्याशेजारी लोखंड कुठल्या खाणीचं, त्या गावाचं नाव छापा.