आपल्याला डीएलसी नको, पुतळा हवाय

'एज ऑफ एम्पायर्स २'चं नवीन डीएलसी येणार अशी नुसती कुणकुण लागली, की आमच्या कोल्हापुरातल्या गेमर मंडळींच्या अंगात येतं. कंपनीनं टाकलेल्या धूसर चित्रात घोडेस्वार दिसला की तो मावळाच असणार. मागं डोंगर दिसला की तो सह्याद्रीच. चहाच्या गाड्यावर तास-तास खल चालतो. मग डीएलसी येतं, त्यात आपण नसतो, आणि 'कंपनीला मराठ्यांचं वावडं आहे' असा निकाल देऊन सभा बरखास्त होते. पुढच्या टीझरपर्यंत.

अंदाज बांधायला माझी अजिबात हरकत नाही. निम्मी मजा तीच असते. माझं भांडण आहे ते आपण मागतो काय, याच्याशी.

आपली यादी बघा. शिवाजी महाराज हिरो. मावळा हे खास युनिट. गनिमी कावा हा बोनस. रायगड हे वंडर. संपली यादी. आता पुढचा प्रश्न विचारून बघा: मावळा तयार करायला अन्न किती लागणार, सोनं किती? आणि तो कुणासमोर कमी पडणार? लगेच समोरच्याचे डोळे मोठे होतात. 'कमी पडणार? मावळा?'

अरे भावा, स्ट्रॅटेजी गेम उभा राहतो तोच या प्रश्नावर. घोडेस्वाराला भालेवाला अडवतो, भालेवाल्याला तिरंदाज टिपतो, तिरंदाजाला घोडेस्वार तुडवतो. ज्याला कुणीच हरवू शकत नाही ते युनिट नसतं, तो पुतळा असतो. आणि आपण गेल्या कित्येक टीझरपासून कंपनीकडे पुतळाच मागतोय.

पुतळा मागणाऱ्याला इतिहास फारसा लागत नाही, हा त्यातला दुसरा घोळ. २०२२ मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आलं. त्यात बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर अशा तीन नव्या संस्कृती होत्या. आधीच्या 'इंडियन्स'चं 'हिंदुस्तानीज' झालं. देवपाल, राजेंद्र चोळ आणि बाबर यांच्या मोहिमा मिळाल्या. आपण ओरडलो, 'महाराज कुठायत?' वास्तविक हा गेम मध्ययुगाचा, त्याची धाव साधारण सोळाव्या शतकापर्यंत. विचारायला हवं होतं ते वेगळंच: देवगिरीचे यादव कुठायत?

भिल्लमानं ११८७ च्या सुमारास उभं केलेलं, ज्ञानेश्वरी ज्याच्या काळात लिहिली गेली, असं हे राज्य. कडा तासून, खंदक खोदून बनवलेला त्यांचा किल्ला आजही दौलताबादला उभा आहे. गेमच्या काळात आणि नकाशावर ते चपखल बसतात. पण आमच्या चर्चेत त्यांचं नाव निघत नाही, कारण आपला इतिहास १६३० ला सुरू होतो.

लांब कशाला, कोल्हापूरचंच बघा. शिवकालाच्या चारेकशे वर्षं आधी इथं शिलाहार राज्य करत होते. पन्हाळगडाच्या उभारणीचं श्रेय दुसऱ्या भोजाला दिलं जातं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला यादवांच्या सिंघणानं त्याला हरवून हे राज्य गिळलं. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातलं, आणि त्याच मंदिरात सिंघणाचा शिलालेख आहे. गावोगावी वीरगळ पडलेत. ढाल कशी होती, तलवार कशी होती, घोड्यावर बसायचे कसे, हे त्यांवर कोरलेलं आहे. युनिट डिझाइन करणाऱ्याला याहून चांगलं साहित्य कुठलं मिळणार? आपण त्या वीरगळांना टेकून मोबाइलवर टीझर बघतो.

'पण काळाचं बंधन कंपनी स्वतः कुठं पाळते?' हा प्रश्न रास्त आहे. २०२५ च्या 'थ्री किंग्डम्स'मध्ये त्यांनी तिसऱ्या शतकातला चीन आणला आणि जुने खेळाडू त्यावरून भांडले. तेव्हा उद्या सतराव्या शतकातले मराठे येणारच नाहीत असं कुणी छातीठोक सांगू नये. समजा आले. मग मोहीम काय असेल?

चांगला डिझायनर सगळ्यात आधी हात घालेल तो पुरंदरच्या तहाला. १६६५. तेवीस किल्ले द्यायचे, बारा ठेवायचे. कुठले ठेवाल? स्ट्रॅटेजी गेमसाठी याहून सरस प्रसंग आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल. किंवा १७०० नंतरची ताराबाईंची सात वर्षं घ्या. राजाराम महाराज गेलेले, औरंगजेब स्वतः एकेक गड घेत फिरतोय. १७०१ मध्ये पन्हाळा पडला, १७०२ मध्ये विशाळगड. विशाळगडासारखे गड मराठ्यांनी महिनोन्‌महिने लढवले, आणि पावसाळा तोंडावर आला की रोख रक्कम घेऊन खाली केले. बादशहाची पाठ वळली की गेलेले गड परत घेतले. म्हणजे किल्ला विकायचा आणि त्या पैशात वेळ विकत घ्यायचा. बहुतेक गेममध्ये किल्ला पडला की डाव संपत येतो. इथं तो पडल्यावर सुरू होतो. असा नियम असलेली संस्कृती जगभरचे खेळाडू वेड्यासारखी खेळतील.

पण आपल्याला चालेल का ते? कोरियातला एखादा पोरगा पुरंदरचा तह करताना चुकीचे किल्ले देऊन बसेल, स्वराज्य बुडवेल, हसेल आणि पुन्हा पहिल्यापासून खेळेल. तो अपमान नसेल. तो पोरगा आपला इतिहास हातात घेऊन समजून घेत असेल. हे ज्याला सोसणार नाही, त्यानं मराठ्यांचं डीएलसी मागूच नये.

कंपन्यांवरचा राग अगदीच खोटा आहे असं मी म्हणत नाही. २००७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स ३: द एशियन डायनॅस्टीज'मध्ये भारताला पाच वंडर मिळाली: आग्र्याचा किल्ला, चारमिनार, करणीमाता, ताजमहाल, चित्तोडचा विजयस्तंभ. मराठ्यांच्या ऐन बहराच्या काळातला गेम, आणि वंडरमध्ये सह्याद्रीतला एकही गड नाही. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठे खेळायला मिळाले, तर १७०० मध्येच त्यांना 'कॉन्फेडरसी' म्हटलं, जी पुढं पेशव्यांच्या काळात आकाराला आली. तक्रारीला जागा आहे.

पण एक गोष्ट आपण विसरतो. 'एज २'मध्ये भारत मुळात आला कसा? १९९९ च्या गेममध्ये तो नव्हता. २०१२ मध्ये काही चाहत्यांनी 'फरगॉटन एम्पायर्स' नावाचं स्वतःचं विस्तारपॅक बनवून फुकट वाटलं. त्यात इंडियन्स होते. ते इतकं चांगलं निघालं की पुढच्याच वर्षी कंपनीनं ते 'द फरगॉटन' म्हणून अधिकृत केलं. आज त्याच चाहत्यांमधून उभा राहिलेला स्टुडिओ या गेमची डीएलसी बनवतो. टीझरमधले डोंगर मोजत बसून भारत आला नाही. कुणीतरी नियम लिहिले, चुकीचे निघाले ते बदलले, पुन्हा खेळून बघितले.

मी इंजिनिअर आहे. माझ्या वर्गातली निम्मी पोरं पुण्या-बंगळुरूत दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर लिहितात. कोडिंग येणाऱ्यांचा आपल्याकडं तोटा नाही. आणि परिस्थिती मांडून मोहीम बनवायचा एडिटर या गेममध्ये १९९९ पासून आहे. त्याला तर कोडिंगही लागत नाही. लागतं ते पन्हाळ्याच्या वेढ्यात दाणागोटा कुठून यायचा याचं वाचन.

तेव्हा पुढचा टीझर आला की बोलू आपण, चहा माझ्याकडून. पण 'आपण आहोत का?' हे विचारायच्या आधी एवढं सांगायचं: तुझा मावळा हरतो कुणाकडून?