हेडलाइट बदलण्याआधी घासून पाहा

आजचा विषय साधा आहे: गाडीच्या हेडलाइटवर पडलेले ओरखडे आणि चढलेला पिवळट धुरकटपणा. टायर झिजला की दिसतो, ब्रेक सैल झाला की पायाला कळते. हेडलाइट मात्र रोज थोडी थोडी मंदावते आणि डोळा त्या अंधाराला सरावत जातो. म्हणून पाच-सात वर्षे जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाने तिच्या हेडलाइट दर पावसाळ्याआधी तपासाव्यात, आणि त्या धुरकटल्या असतील तर नव्या घेण्याआधी दुरुस्त करून पाहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सध्याचे पोस्टिंग जबलपूरला आहे. घमापूरहून रांझीकडे जाताना कांचघर लागते. मराठीत काच, इथे कांच. अनुस्वार एक जास्त, अर्थ तोच. पण या चौकातून संध्याकाळी जाणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेकांच्या हेडलाइटला आता काच उरलेली नाही. आपल्यापैकी जे जोंगा आणि शक्तिमान चालवून निवृत्त झाले, त्यांच्या दिव्यांना खरी काच होती. ती दगडाने फुटायची, पण पिवळी पडत नसे. या दोन्ही गाड्या ज्या व्हेइकल फॅक्टरीत बनल्या, ती १९६९ साली सुरू झालेली फॅक्टरी इथून फार लांब नाही. आजच्या कारच्या हेडलाइटचे कव्हर पॉलिकार्बोनेटचे असते. हे प्लास्टिक हलके, सहज न फुटणारे आणि हवे तसे वळवता येणारे. दोष एकच, की ते मऊ असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब होते. म्हणून कारखान्यातच त्यावर कडक पारदर्शक थर देतात. ऊन, धूळ आणि कोरड्या फडक्याने पुसण्याची आपली सवय, या तिघांनी तो थर उडाला की प्लास्टिक उघडे पडते आणि पिवळे होऊ लागते.

याने किती फरक पडतो? अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये जुन्या, धुरकट हेडलाइटची चाचणी घेतली. पूर्ण प्रखरतेवर त्या नव्या हेडलाइटच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका प्रकाश देत होत्या. घासून दुरुस्त केल्यावर तोच प्रकाश सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला.

आता रस्त्यावरचा हिशोब मांडा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला सुमारे ७० मीटर लागतात. दिवा चाळीस मीटरच दाखवत असेल तर उरलेले तीस मीटर आपण देवाच्या भरवशावर चालवतो. जबलपूरहून नागपूरला जाताना सिवनीच्या पुढे पेंचचे जंगल लागते. तिथे जनावरांसाठी खास भुयारी मार्ग केले आहेत, पण सगळ्या रस्त्याला ते नाहीत. आणि रांझीच्या रस्त्यावर शिफ्ट सुटल्यावर सायकलने घरी जाणाऱ्या कामगाराच्या मागे दिवा नसतो. त्याला आपला दिवा वेळेत दिसला पाहिजे आणि आपल्याला तो.

मंद हेडलाइटवर लोक दोन उपाय करतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला, कायम अप्परवर गाडी चालवणे. दुसरा, ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचा बल्ब टाकणे. धुरकट कव्हरमधून प्रकाश पुढे न जाता चहूकडे विखुरतो. त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांवर झळ येते, आपल्या रस्त्यावर उजेड पडत नाही, आणि वर होल्डर व वायरिंग तापते ते वेगळेच. ज्या दिव्याने समोरचा आंधळा होतो, त्याने आपणही सुरक्षित होत नाही.

टूथपेस्टबद्दल बरेच जण विचारतात. तिच्यात बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे कव्हर चमकते. पण संरक्षक थर परत येत नाही, आणि काही आठवड्यांत पुन्हा पिवळेपणा दिसतो. उद्या गावी जायचे असेल तर ठीक. तिला दुरुस्ती म्हणू नये.

दुरुस्ती अशी. हेडलाइट धुवा. भोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावा. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा: आधी ८०० नंबर, मग १५००, मग २०००, शेवटी ३०००. प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळते. ओरखडे वरवरचे असतील तर थेट १५०० पासून सुरू करा. सुरुवातीला कव्हर दुधासारखे पांढरे होते. इथेच बरेच जण घाबरून थांबतात, थांबू नका. त्यानंतर पॉलिशिंग कंपाऊंड, मग स्वच्छ पुसणे, आणि शेवटी अतिनील किरणांपासून वाचवणारा क्लिअर कोट. हा शेवटचा थर टाळला तर आधीची मेहनत पाण्यात. कोणी शंभर-दोनशे रुपये कमी सांगून फक्त पॉलिश करून देत असेल तर त्याला एवढेच विचारा: वर काय लावणार?

एका सर्व्हिस सेंटरमध्ये मला सांगण्यात आले, ‘साहब, पूरी हेडलाइट बदल दीजिए.’ बदलणे कधी योग्य? आतून पाणी साचत असेल, आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल, कव्हरला तडा गेला असेल किंवा टेकणारे कान तुटले असतील तेव्हा. बाहेरून कितीही घासले तरी हे दोष जात नाहीत. पण आजार बाहेरच्या पापुद्र्याचा असताना अख्खी हेडलाइट फेकणे म्हणजे बूट मळला म्हणून नवा घेणे. खडकवासल्याला आम्हाला बूट घासायला शिकवले होते, फेकायला नाही.

माझ्या निवृत्त वाचकांना वेगळे सांगतो. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंगही पिवळट होते, म्हणजे साठीनंतर आपल्याला तरुणापेक्षा जास्त उजेड लागतो. गाडीची हेडलाइट आणि डोळ्याचे भिंग दोन्ही एकदमच धुरकट झाली, तर रात्रीच्या प्रवासाचे काय होईल ते सांगायला नको. डोळे डॉक्टरांना दाखवा, हेडलाइट स्वतः पाहा.

युनिटमध्ये एमटीचा उस्ताद मेंटेनन्स परेडला गाडीसमोर उभा राहून दोन्ही दिवे लावून बघतो. त्याला पाच मिनिटे लागतात. या रविवारी संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, दिवे लावा आणि दोन्ही बाजूंचे प्रकाशाचे पट्टे पाहा. एक मंद, पसरट किंवा पिवळा दिसला तर वॉटर पेपर आणा. घासून झाल्यावर त्याच भिंतीवर फोकसही तपासून घ्या.

जय हिंद.