साप पाळायचाय? मग बांधावर पाळा!

दर पावसाळ्यात आपल्या हॉस्टेलवर दोन जातींची माणसं दिसतात. एक, साप दिसला की काठी शोधणारी आणि दुसरी, साप दिसला की बरणी शोधणारी. काठीवाल्यांना शिव्या घालणारे लेख आपण शाळेपासून वाचत आलोय. बरणीवाल्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही, कारण ते स्वतःला 'सर्पमित्र' म्हणवतात. म्हणून आज त्यांच्याबद्दल थोडंसं.

मी दौंड तालुक्यातला, माझा रूम पार्टनर शिरूरचा. मधून भीमा वाहते, एवढाच काय तो फरक. दोन्हीकडे ऊस, उंदीर आणि उंदरांमागे साप. त्यामुळे सापाचं आम्हाला अप्रूप नाही, पण धाक जरूर आहे. शहरातून आलेल्या मित्रांचं उलटं आहे. "यार, एखादा बिनविषारी पाळायला काय हरकत आहे?" हा प्रश्न मेसमध्ये निदान दहा वेळा ऐकलाय. त्याचं उत्तर नीट देऊन टाकू.

पहिली गोष्ट कायद्याची. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ, आपल्याकडचा कुठलाही साप पकडून खोलीत ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि दंडाची रक्कमही वाढली. "मी त्याला त्रास देत नाही, दूध पाजतो" ही सबब तिथे चालत नाही. मुळात साप दूध पितच नाही. गारुड्याचा साप पितो, कारण त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो.

मग कुणीतरी म्हणतं, परदेशी साप आणू. बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक. ठीक आहे, हिशोब मांडू. बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पिंजऱ्याची एक बाजू तिशीच्या आसपास उबदार, दुसरी थंड, लपायला जागा, अंग बुडेल एवढं पाणी, कात टाकताना दमटपणा, आणि झाकणाला पक्की कडी. आपल्याकडे लोडशेडिंग झालं की हीटर बंद! खायला उंदीर, तेही आठवड्या-दोन आठवड्यांनी. मनात आलं तर हा साप महिनोन्‌महिने खातच नाही. आजारी पडला तर सापावर उपचार करणारा डॉक्टर किती गावांत मिळेल? शेवटचं म्हणजे, नीट सांभाळला तर तो वीस-तीस वर्षं जगतो. आपली डिग्री चार वर्षांची (केटी धरून पाच!), साप पंचवीस वर्षांचा. कॅम्पस इंटरव्ह्यूनंतर त्याला कुठे सोडणार, कात्रजच्या डोंगरात? उपाशी मेला तर पाप आणि जगला तर इथल्या प्राण्यांना ताप.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. साप 'निवडण्या'साठी आधी तो ओळखता यायला हवा. कवड्या बिनविषारी आणि मण्यार जहाल विषारी. दोघेही काळपट, दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचे बारीक, बहुधा जोडीजोडीने, मानेच्या थोडे मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. वाचायला सोपं आहे. रात्री दीड वाजता, मोबाईलच्या उजेडात, मित्र रील काढत असताना सोपं नाही. डुरक्या घोणस आणि खरी घोणस यांचंही तेच. मण्यारचा दंश दुखतही नाही, पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात आणि माणूस झोपेत जातो. निवड चुकली तर रि-एक्झाम नाही.

मांडुळाची गोष्ट अजून वाईट. बिचारा गरीब, मातीत राहणारा, बोथट शेपटीमुळे 'दुतोंड्या' ठरलेला. त्याने गुप्तधन मिळतं या भाकडकथेपायी त्याची वजनावर लाखांत सौदेबाजी होते. आपल्या जिल्ह्यातही अशा टोळ्या पकडल्या गेल्यात. इंजिनिअरिंग शिकून मांडुळाच्या वजनावर विश्वास ठेवणार असू, तर डिग्री परत केलेली बरी.

मग सापावर प्रेम करायचंच नाही का? करा ना! पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले, ते साप विनाकारण चावत नाही हे लोकांना पटवण्यासाठी. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. तिथे जा, तासभर बघा. तमिळनाडूत इरुला आदिवासींची १९७८ पासूनची सहकारी संस्था आहे. परवान्याने साप पकडायचे, मडक्यात ठेवायचे, तीन-चार आठवड्यांत चार वेळा विष काढायचं आणि परत जंगलात सोडायचे. त्या विषापासून घोड्यांच्या मदतीने प्रतिविष बनतं. याला म्हणतात साप सांभाळणं. त्यात फोटो कमी आणि काम जास्त.

याची गरज किती आहे? २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा २०२० च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला ५८ हजार! त्यात बहुतेक खेड्यातली. आमच्याकडे ऊसतोडीला येणारी कुटुंबं कोपीत, जमिनीवर झोपतात. त्यांना सर्पमित्राच्या रीलचा उपयोग नाही. खाट, मच्छरदाणी, बॅटरी आणि वेळेत मिळालेलं इंजेक्शन यांचा आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, साप पाळायचाच असेल तर बांधावर पाळा. धामण दिसली तर मारू नका, तिला तिचं काम करू द्या. उंदीर ती खाते आणि धान्य आपलं वाचतं. आमच्या आजीच्या पिढीने हे कायदा न वाचता केलं. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, खणायचं नाही, हे काय उगाच होतं?

आणि हॉस्टेलचं म्हणाल तर मेसचा कचरा उघडा टाकू नका, म्हणजे उंदीर नाहीत आणि सापही नाहीत. रात्री बॅटरी घेऊन चला. साप खोलीत आलाच तर लांबूनच नजर ठेवा आणि वॉर्डन सरांना उठवा. वनखात्याचा १९२६ हा नंबर नोटीस बोर्डावर लावायची विनंती मी या लेखातून रेक्टर सरांना करतो. कुणाला चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हात-पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठा, मांत्रिक नको.

आणि मित्रांनो, ती बरणी? धुऊन घ्या. घरून आलेला चिवडा ठेवायला उत्तम आहे.